निजलेलं इंजिन

आमच्या घरात कोणाला हाक मारायची तर आधी इंजिन बंद होण्याची वाट पाहावी लागे. सानगडीच्या बाजारातून साकोलीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला बाबांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या दोन खोल्या. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. त्यामुळे डिझेलचा वास चुलीपर्यंत यायचा आणि फोडणीचा वास गॅरेजात जायचा. माय लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला बसली की ज्यांच्या गाडीचं काम केव्हाच आटोपलंय असे ड्रायव्हरही "जरा हॉर्न पाहून द्या ना" म्हणत बाकावर रेंगाळायचे. माय पडद्याआडून ओळखायची, आणि पुटपुटत का होईना, चार वडे जास्त टाकायची. पडद्याच्या पलीकडे बाबांची ठोकाठोक आणि अलीकडे मायची शिलाई मशीन, या दोन आवाजांच्या मधे बसून मी बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास केला. आजही घर फार शांत असलं की माझं वाचनात लक्ष लागत नाही. नातवंडं आली की मी मुद्दाम पुस्तक घेऊन त्यांच्यातच बसते.

बाबांची दुरुस्तीची एक रीत होती. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी ते ड्रायव्हरला बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, "आधी सांग, काय टाकलं, काय काढलं?" अर्धे बिघाड गाडीत नसतात, ड्रायव्हरनं परवा काहीतरी केलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचं काय दुखतंय हे ते जेवताजेवता सांगत. मायनं मात्र एकाच गोष्टीसाठी दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नसे.

बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि मी स्वतःवर भयंकर खूश होते. मराठीच्या निबंधात शाळेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. साधं वाक्य मला लिहवतच नसे. सूर्य उगवला असं न लिहिता मी त्याला आधी रथात बसवायची, मग डोंगराआडून आणायची आणि शेवटी त्याच्याकडून दवबिंदू पुसून घ्यायची. इंग्रजी मात्र शब्दकोशाच्या आधारानं चालायची. हे एवढं सांगायचं कारण पुढे येईलच.

त्या दिवसांत वसंतामामा आमच्याकडे राहायला होता. हा मायचा धाकटा भाऊ. चारपाच वर्षं ट्रक चालवून कंटाळला आणि बहिणीच्या आसऱ्याला आला. त्याला नोकरी लागली ती आमच्या गावच्या राइस मिलच्या मालकांकडे, भाऊराव कापगत्यांकडे. गोसीखुर्दकडे धरणाच्या कामासाठी आलेले कोणी परदेशी इंजिनियर परत गेले, त्यांच्या सामानाच्या लिलावात भाऊरावांनी एक डिझेल पिकअप उचलली. पांढरी, उंच, मागे मोठा डाला, आणि आत क्लच नाही. गेर आपोआप पडायचे. पंचक्रोशीत अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. लोक तिला 'बिनक्लचची' म्हणायला लागले आणि मामाला 'बिनक्लचचा ड्रायवर'. सुरुवातीला त्याचा डावा पाय ऐकेना. जन्मभर क्लच दाबलेला पाय तो, गाडी थांबवायची म्हटली की हा पाय आपसूक पुढे जाऊन ब्रेकवर पडायचा आणि डाल्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर. शेवटी मामानं डावी चप्पल काढून पाय सीटवर दुमडून घ्यायला सुरुवात केली. मांडी घालून गाडी चालवणारा ड्रायव्हर मी त्यानंतर पाहिला नाही.

या नोकरीवरच मामाचं लग्न जमलं. आसगावची लता नावाची मुलगी, तिच्या वडिलांची धानाची शेती. आधी ते "ट्रकवाल्याले पोरगी देत नाही" म्हणून उठून गेले होते. पण मामा एके दिवशी मालकाच्या कामानिमित्त त्यांच्याच दारावरून ती पांढरी गाडी घेऊन गेला आणि सगळं पालटलं. उन्हाळी धान घरात आलं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असं ठरलं. मायच्या अंगात तर बळ आलं. बिनबापाचा वाढलेला भाऊ मार्गी लागतोय म्हणून ती मशीनवर गाणी म्हणायला लागली.

मामाचा त्या गाडीवर जीव होता. गाडीच्या पुढच्या खणात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते घेऊन तो एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसला. "नंदे, तू बारावी शिकली ना व? मंग सांग मले, हे काय म्हणते. पराई गाडी आहे. माह्या हातानं काही बिघडलं नाई पाहिजे." मी शब्दकोश काढला, वही काढली, आणि दोन दिवस खपून कामाची कामाची पानं मराठीत उतरवून दिली. गेरबॉक्सचं तेल कसं पाहावं हे त्यातलंच एक पान. गाडी फिरून आली की, इंजिन 'आयडलिंग' असताना, पट्टी ओढून तेल पाहावं, असं त्यात होतं. शब्दकोशात 'आयडल'पुढे लिहिलं होतं: आळशी, रिकामटेकडा, काम न करणारा. काम न करणारं इंजिन म्हणजे बंद इंजिन, यात शंका ती कसली? पण 'इंजिन बंद असताना' हे वाक्य माझ्या लेखणीला फारच सपक वाटलं. मी लिहिलं, 'इंजिन निजलेले असताना, त्याला न उठवता, तेलाची पट्टी अलगद बाहेर काढावी.' वाचून मी स्वतःच खूश झाले. त्याखालीच एक ओळ होती, 'आयडल'चा वेग आधी तपासून घ्यावा, अशी. आळशाचा कसला आलाय वेग? ती ओळ मी सोडून दिली. न कळलेली ओळ सोडून द्यायची हे मी परीक्षेत शिकले होते आणि तिथे ते चालूनही गेलं होतं.

मामानं ते पान चौघडी करून खिशात घातलं आणि देवाचं असावं तसं पाळलं. गाडी मिलमधून आली की तो इंजिन बंद करायचा, 'निजू दे' म्हणून थोडं थांबायचा, मग पट्टी काढायचा. तेल खुणेच्या वर दिसायचं. जास्त तेल वाईट, हे त्याला ट्रकवरून माहीत होतं. मग गुरांच्या डॉक्टरकडून आणलेली मोठी पिचकारी आणि नळी लावून तो वरचं तेल काढून घ्यायचा, अगदी खुणेवर आणून ठेवायचा. दोनचार दिवसांनी गाडीला जरा जास्त वेळ निजू देऊन पाहावं तर पुन्हा थोडं वर. पुन्हा पिचकारी. ते तेल असं सुरेख लाल होतं की फेकायचा त्याला जीव होईना. बाटल्या भरून त्यानं ते घरी आणलं. आमच्या दारांच्या बिजागऱ्यांना घातलं, माझ्या सायकलच्या चेनला घातलं, शेजारच्या बाळाच्या पाळण्याच्या कड्यांना घातलं, शाळेच्या बोअरिंगच्या दांड्याला घातलं. महिनाभरात आमच्या गल्लीतलं एकही दार करकरेना. बाबांना वाजणाऱ्या गोष्टी लगेच कळायच्या. वाजायच्या बंद झालेल्या गोष्टींकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

धानाची कापणी सुरू झाली आणि गाडी आजारी पडली. आधी सकाळी गेर टाकला की ती जागेवर उभी राहून विचार करायची आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. मग वळणावर मधेच सुटल्यासारखी व्हायची. शेवटी एका दुपारी धानाची पोती भरलेली असताना तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, चढताना इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडी तसूभर हलली नाही. मागचे बैलबंडीवाले खोळंबले. पोती उतरवून, दहा माणसांनी ढकलत तिला आमच्या गॅरेजात आणलं.

बाबांनी मामालाही गिऱ्हाइकासारखं बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. "काय टाकलं, काय काढलं?"

"काही टाकलं नाई भाऊजी. थेंब नाई टाकला," मामा छातीवर हात ठेवून म्हणाला. ते खरंच होतं.

मग बाबांनी बंद गाडीतच पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर. त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. रंग थोडा काळवंडलेला, वास किंचित करपट, पण पार जळल्याचा नाही. मामाला ब्रेक घट्ट दाबून धरायला लावला, गेरचा दांडा पुढे जायच्या 'डी' खुणेवर टाकला आणि रेस द्यायला सांगितली. एवढा ब्रेक धरलेला असताना इंजिन दबायला पाहिजे. ते असं मोकळं सुटलं की आत त्याला धरायला कोणीच नाही. बाबांनी पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. आतून बारीक शिट्टी येत होती. "तेल त बराबर आहे," ते शेवटी म्हणाले. "मंग आतल्या पलेटीच घसरून राहिल्या. गेरची पेटी खोला लागन." आणि मग जरा खालच्या आवाजात, "असली पेटी मी कधी खोलली नाई." बाबांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते आवडलं नाही.

भाऊराव संध्याकाळी आले. माणूस वाईट नव्हता, पण ऐन हंगामात गाडी बसली होती आणि त्यांच्या मेहुण्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की मामानं ब्रेक आणि रेस दोन्ही पायांनी एकदम दाबून पेटी जाळली. नागपूरच्या मिस्त्रीनंही फोनवर तेच सांगितलं होतं. "बाजाराच्या दिवशी गाडी नागपूरले नेतो," ते म्हणाले. "वसंता, तू बी दुसरीकडं पाहून घे. तुह्यावर राग नाई, पण ही गाडी तुह्या हातची नाई." मामा नुसता "हो मालक" म्हणाला. आसगावचे लोक सानगडीच्या बाजाराला येतात. बातमी पोचायला बैलगाडीचीही गरज नव्हती. त्या दिवशी मायनं वडे केले होते आणि पहिल्यांदाच ते उरले.

बाजाराला दोन दिवस उरलेले. बाबा दुपारी जेवायला बसले होते, भात, वरण आणि झिंग्याची चटणी. माय मशीनवर मामाच्या साक्षगंधाचा पांढरा सदरा शिवत होती. साक्षगंध होणार की नाही याचा पत्ता नव्हता, पण तिनं शिवणं थांबवलं नव्हतं. आणि एकदम ती ओरडली. सदऱ्याच्या छातीवर बोटाएवढा लाल डाग पडला होता.

"वसंता! हे लाल तेल कोणं टाकलं माह्या मशीनमधी?"

"मीच टाकलं बाई," मामा ओशाळून म्हणाला. "मशीन कुरकुरत होती म्हणून."

बाबांचा घास हातातच राहिला. "लाल तेल? कुठचं लाल तेल?"

"गाडीतलं."

"तू त काढल्याचं काही बोललाच नाई."

"काढलं कुठी भाऊजी? ते जास्तीचं होतं. जास्तीचं तेवढंच घेतलं."

बाबा तसेच उष्ट्या हातानं उठले. मामानं फळीवरच्या बाटल्या दाखवल्या: तीन रिकाम्या, एक अर्धी. बाबा त्या बाटल्यांकडे पाहत राहिले. एवढं तेल निघालं, आणि तरी पट्टी म्हणते बरोबर आहे? त्यांना ते कोडं सुटेना. मामानं खिशातून चौघडीचं पान काढून माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकात असंच आहे ना, नंदे?"

मी पुस्तक काढून तीच जागा उघडली आणि ती सोडून दिलेली ओळ या वेळी पुरी वाचली. पुढच्या पानावर तोच 'आयडल'चा वेग आकड्यात दिला होता, मिनिटाला सातशे फेरे. निजलेलं इंजिन सातशे फेरे कसं मारणार? मी बाबांना विचारलं, "बाबा, इंजिन चालू आहे, गाडी उभी आहे, रेस देली नाई, काही नाई. याले तुम्ही काय म्हणता?"

"याले? याले स्लो म्हणते," बाबा म्हणाले. "स्लोवर आहे म्हणते." आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी त्याच उष्ट्या हातानं कपाळावर मारून घेतलं. आमच्या गॅरेजात तो शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जायचा, 'स्लो वाढव', 'स्लो कमी कर'. फक्त पुस्तक त्याला वेगळ्या नावानं हाक मारत होतं.

आम्ही सगळे गाडीकडे धावलो, मायही, हातात सदरा घेऊन. बाबांनी गाडी चालू केली, स्लोवर ठेवली आणि चालू गाडीत पट्टी ओढली. पट्टी कोरडी ठक्क होती. टोकाला नुसता फेस. बाबा हसायलाच लागले. "अगा, चालू असली का पंप तेल वर ओढते, सारीकडं भरते! बंद केली का सारं खाली येऊन बसते. ते जास्तीचं नव्हतं गा, ते वरचं तेल खाली उतरलं होतं. पलेटीले धराले तेलच नाई, त धरतील काय?" मामा ताबडतोब गल्लीत निघाला, घरोघरी जाऊन लाल तेल परत मागायला. बाबांनी त्याला कॉलर धरून मागे आणलं.

त्याच दुपारच्या बसनं बाबा स्वतः भंडाऱ्याला गेले आणि मोठ्या बसच्या स्टेअरिंगमधे घालतात तसलंच लाल तेल घेऊन आले. पुस्तकातलं नाव मी त्यांना कागदावर उतरवून दिलं होतं, या वेळी एकेक अक्षर ताडून. दुसऱ्या दिवशी खालचं काळवंडलेलं तेल सोडून दिलं, जाळी धुतली, नवं भरलं. इंजिन स्लोवर, दांडा एकेका खुणेवर फिरवून जागेवर, मग पट्टी. भरायचं, पाहायचं. 'डी'वर टाकल्याबरोबर गाडीनं काही विचार न करता पाऊल उचललं. मामा रडायच्या बेतात होता, पण पाय सीटवर दुमडलेला असल्यामुळे त्याला नीट रडताही येईना.

बाजाराच्या दिवशी भाऊराव आले. बाबांनी त्यांना पुढे बसवलं, डाल्यात पोती भरली आणि मामाला गाडी पाळीवर चढवायला सांगितली. मीही मागे पोत्यांवर बसले होते. बाजारचे निम्मे लोक पाहत होते, आणि त्यात आसगावचे लताचे वडीलही होते, काखेत पिशवी धरून. गाडी चढली, वर थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. भाऊराव खाली उतरले. "झालं काय होतं मंग?"

"तेल कमी झालं होतं," बाबा म्हणाले.

"कोणं केलं कमी?"

"मी," मामा म्हणाला. "माह्याच डोस्क्यानं केलं मालक. मले कोणी सांगतलं नाई." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पोत्यांवर बसून त्याच्या मानेकडे पाहत होते. त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं त्या एका वाक्यानं तो पाळीवरून खाली ढकलत होता, माझ्या अलंकारांसाठी. मला वाटलं आपण इथेच पोत्यात शिरावं. पण तोंड उघडलंच.

"मी लिहून देलं होतं," मी म्हणाले. "मामानं मी लिहिलं तसंच केलं. त्याच्या खिशात पान आहे."

"पान नाई मालक," मामा म्हणाला. "लहान आहे पोरगी, काही बी बोलते."

भाऊरावांनी हात पुढे केला. मामाला पान काढावंच लागलं. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्या बाजारादेखत, खणखणीत आवाजात वाचलं, "'इंजिन निजलेले असताना, त्याला न उठवता...'" आणि थांबले. पुन्हा वाचलं. "त्याले न उठवता!" त्यांचं पोट हलायला लागलं. मग बाबांचं. मग लोकांचं. लताचे वडील तर पिशवी खाली ठेवून हसले. मी लाल झाले, त्या तेलाहून लाल.

हसणं ओसरल्यावर भाऊराव मामाकडे वळले. "लिहिलेलं इतकं पाळणारा ड्रायवर मले कुठी भेटन गा? उद्यापासून वेळेवर ये." मग गाडीतलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "आन तू. सारं पुस्तक लिहून दे मराठीत. एक ओळ सोडाची नाई. आन सजवाची बी नाई."

ते मी लिहून दिलं. तीन महिने लागले, दर दोन ओळींनी बाबांना विचारत, याला तुम्ही काय म्हणता, त्याला काय म्हणता. पुढे आयटीआयमधे पोरांना शिकवण्यात माझा जन्म गेला, त्याची सुरुवात तिथे, बाबांच्या बाकावर झाली. साक्षगंधाला मामानं तो सदरा घातला. डागावर मायनं खिसा शिवला होता.

मागच्या महिन्यात आसगावला मामाकडे गेले होते; तो पुढे सासुरवाडीलाच राहिला. मामा आता थकलाय, सगळे दात गेले, पण त्याच्या लेकानं नवी गाडी घेतली आहे, तीही बिनक्लचची. सकाळी अंगणात आवाज आला म्हणून पाहिलं तर मामा गाडी चालू करून, इंजिन स्लोवर ठेवून, बॉनेटमधे वाकून पट्टी ओढतोय. मी ओरडले, "मामा, ती इंजिनच्या तेलाची पट्टी आहे! ती गाडी बंद करून पाहतात!" त्यानं वळून पाहिलं, गाडी बंद केली, आणि शांतपणे खिशातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला.

"मंग लिहून दे," तो म्हणाला.